चिठ्ठीवर स्वतःच्या शाखेबद्दल काय लिहाल?

चौथा_मणका
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा आमची एकत्र कार्यशाळा झाली. मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, लॅब आणि आम्ही, असे सगळे मिसळून बसवले होते. सुरुवातीलाच प्रत्येकाच्या हातात पाच चिठ्ठ्या दिल्या. प्रत्येक शाखेबद्दल मनात येईल तो पहिला शब्द लिहायचा, स्वतःच्याही. खाली नाव घालायचं नाही.

चिठ्ठ्या फळ्यावर लागल्या तेव्हा आधी हशा पिकला आणि मग हॉल गप्प झाला. डॉक्टरांखाली ‘हुशार’, ‘गर्विष्ठ’, ‘झोप नाही’. नर्सखाली ‘प्रेमळ’ इतक्या वेळा की बाईंनी मोजणं सोडून दिलं. फार्मसीखाली ‘दुकान’. लॅबखाली ‘तळघर’. आमच्याखाली ‘मालिश’, ‘व्यायाम’ आणि कुणा महाभागाचं ‘जिम’.

गंमत म्हणजे बाकीच्या चार चिठ्ठ्या मी अर्ध्या मिनिटात भरल्या होत्या. स्वतःच्या चिठ्ठीवर पेन अडलं.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. ही मतं आपण कॉलेजात येताना घेऊन येतो की तिथे आल्यावर शिकतो? आणि स्वतःच्या चिठ्ठीवर तुम्ही काय लिहिलं असतं? एकच शब्द, प्रामाणिकपणे.

काडीवाला
‘जिम’ लिहिणाऱ्याचा सत्कार करा. :)

दाढदुखी
आमची चिठ्ठीच नव्हती का? बरोबर आहे. डेंटलवाले कुणाच्या लक्षातच राहत नाहीत. “म्हणजे तू खरा डॉक्टर नाहीस ना?” हा प्रश्न मला घरच्यांनीही विचारून झालाय.

अर्धा_डॉक्टर
मेडिकल, तिसरं वर्ष. ‘गर्विष्ठ’ वाचून वाईट वाटलं, पण खोटं म्हणवत नाही. आमच्यात हे कुणी शिकवत नाही, ते आपोआप झिरपतं. लेक्चरला ‘टीम’ हा शब्द शंभर वेळा येतो आणि राउंडला सर नर्सच्या अंगावरून हात पुढे करून फाइल ओढतात. आम्ही मागे दहाजण उभे. आमच्या डोक्यात लेक्चर राहत नाही, तो हात राहतो.

संदर्भासहित
@अर्धा_डॉक्टर, याला नाव आहे: ‘छुपा अभ्यासक्रम’. फ्रेडरिक हॅफर्टी या समाजशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात वैद्यकीय शिक्षणाबद्दल यावर बरंच लिहिलंय.

पण धागाकर्तीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर फक्त ‘छुपा अभ्यासक्रम’ नाही. इंग्लंडमध्ये नुकताच प्रवेश घेतलेल्या आरोग्य आणि समाजकार्य विद्यार्थ्यांना इतर व्यवसायांना गुण द्यायला सांगितले होते. अभ्यास २००६ साली छापून आला. अभ्यासातली हुशारी, व्यावसायिक कौशल्य, संवाद, नेतृत्व, स्वतंत्रपणे काम, संघात काम, निर्णय, हातातलं कसब, आत्मविश्वास अशा नऊ गोष्टी. डॉक्टर अभ्यासात वर, नर्स संवादात आणि संघभावनेत वर. ही मुलं अजून वॉर्डात पोचलीही नव्हती. तेव्हा साचा घरूनच येतो, कॉलेज त्याला भट्टीत भाजतं.

२००५ च्या आणखी एका प्रश्नावलीत विद्यार्थ्यांची उत्तरं मुख्यतः दोन पट्ट्यांवर पसरली: कोण किती ‘काळजी घेणारं’ आणि कोण किती ‘हाताखालचं’. फळ्यावरचे शब्द या दोन पट्ट्यांवर लावून बघा, बहुतेक बसतील. ‘जिम’चं मात्र काय करायचं ते मला कळत नाहीये.

रात्रपाळी
नर्सिंगमध्ये सव्वीस वर्षं झाली, त्यातली शेवटची नऊ शिकवतेय. ‘प्रेमळ’ या शब्दाचा मला मनापासून राग येतो. मुलींनो आणि मुलांनो, रुग्णाशी गोड बोलणं हा स्वभाव झाला. पहाटे साडेतीन वाजता चाळीस रुग्णांतून “हा मला बरा दिसत नाही” असा एक उचलून काढणं हे कौशल्य आहे. त्याचे श्वास मिनिटाला अठराचे सव्वीस झालेले असतात, बाकी सगळं कागदावर ठीक असतं. ते सव्वीस कुणी मोजले? पूर्ण मिनिट हातात घड्याळ धरून कोण उभं होतं?

नाइटिंगेलबाईंची दिवा घेतलेली तसबीर सगळ्यांना पाठ असते. त्याच बाई आकडेवारीच्या पक्क्या होत्या, सैनिकांच्या मृत्यूंचे तक्ते काढून सरकारपुढे ठेवायच्या आणि १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीत (आताची रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी) निवडून आल्या, हे माझ्या वर्गात विचारलं तर दोन हात वर येतात. दिवा लक्षात राहिला, तक्ते विसरले.

चौथा_मणका
ताई, हा प्रतिसाद आमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकू का?

रात्रपाळी
टाक गं. नाव नको टाकूस फक्त.

जांभळं_टोपण
‘तळघर’ बरोबर आहे, आमची लॅब खरंच तळघरात आहे. :D

परवाचाच किस्सा. एका रुग्णाचं पोटॅशियम ९.८ आलं, कॅल्शियम जवळपास नाहीच. हे आकडे खरे असते तर त्या माणसाचं हृदय बंद पडायला हवं होतं. वॉर्डात फोन केला. “पेशंट कसा आहे?” “बसून मोबाइल बघतोय.” मग विचारलं, रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीतून दुसऱ्या नळीत ओतलं का? त्या नळीत ईडीटीएचं पोटॅशियमयुक्त मीठ असतं. ते कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही, आणि पोटॅशियम फुकटचं वाढतं. पलीकडून इंटर्न: “तुम्ही फक्त रिपोर्ट द्या, डॉक्टर आम्ही आहोत.”

मी रिपोर्ट दिला नाही. नवा नमुना मागवला. ४.१ आलं.

परत फोन आला नाही. पाच वर्षांत एकाही वॉर्डाने मला नाव विचारलेलं नाही. मी ‘लॅब’. “लॅबचा फोन आहे.” पण खरं सांगू? आम्हीही फोन आपटून “या वॉर्डवाल्यांना साधं रक्त काढता येत नाही” म्हणतो. वीस जणांच्या वॉर्डात एकटी नर्स रक्त काढतेय हे तळघरातून दिसत नाही.

अर्धा_डॉक्टर
तो इंटर्न मी नव्हतो. पण ते नळीचं मला आजपर्यंत माहीत नव्हतं. हे तिसऱ्या वर्षाला कबूल करतोय.

जुनं_खोड
सर्जन आहे, निवृत्तीच्या उंबरठ्यावर. धागा चांगला आहे, पण सगळे एकाच सुरात गायला लागलेत म्हणून थोडा विरोध नोंदवतो.

सगळे सारखे, सगळ्यांचं मत घ्या, हे कार्यशाळेत छान. रात्री पोट फाटलेला रुग्ण टेबलावर असतो तेव्हा मतदान घेता येत नाही. काही चुकलं तर नातेवाईक आणि कोर्ट मला विचारणार, फिजिओला नाही. जबाबदारी ज्याची, शब्द त्याचा. तुम्ही ज्याला गर्व म्हणता त्यातला अर्धा त्या ओझ्याचा आवाज असतो. उरलेला अर्धा गर्वच असतो, ते मान्य.

रात्रपाळी
सर, तुमच्या ओझ्याबद्दल आदर आहे. पण उदाहरण तुमच्या विरोधात जातं. हृदय बंद पडलेल्या रुग्णाभोवती बघा. जो प्रमुख असतो त्याने छाती दाबायची नसते. तो बाजूला उभा राहून सगळं बघतो. एकजण मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या गतीने दाबतो आणि दोन मिनिटांनी बदलतो. एकजण औषधांची वेळ सांभाळतो आणि ओरडतो, “अॅड्रिनलिनला चार मिनिटं झाली!” तो ओरडणारा बहुतेक वेळा सगळ्यांत कनिष्ठ असतो आणि तेव्हा सगळे त्याचंच ऐकतात. तिथे हुकूम चालतो, पण तो खालूनही येतो. शब्द एकाचा असला तरी त्याच्या कानात बाकीच्यांचं पोचायला हवं ना?

जुनं_खोड
मान्य. त्या खोलीपुरतं.

काडीवाला
सर्जन ‘मान्य’ म्हणाले! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे. (सर, दिवे घ्या.)

खलबत्ता
फार्मसी, शेवटचं वर्ष. ‘दुकान’बद्दल लिहिणार होते, पण रात्रपाळीताईंचं ‘कानात पोचायला हवं’ वाचून दुसरंच आठवलं.

आम्हाला दोन महिने वॉर्डात पाठवलं होतं. राउंडला सगळ्यांत मागे उभी. संधिवाताच्या एका आजींच्या कागदावर मेथोट्रेक्सेट दहा मिलिग्रॅम, रोज. खाली फॉलिक अॅसिड, आठवड्यातून एकदा. संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. रोज गेलं तर तोंडात फोड, मग रक्तपेशी बनणंच मंदावतं, माणूस जातो. ही चूक जगभर इतकी जुनी आहे की आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. दाखल करताना कुणीतरी घरच्या गोळ्यांची यादी उतरवली आणि ‘सोमवारी’चं ‘रोज’ झालं.

मला ते पहिल्या मिनिटाला दिसलं. बोलायला वीस मिनिटं लागली. राउंड तीन खाटा पुढे गेली तरी मी मनात वाक्य जुळवतेय. शेवटी काय म्हणाले? “सर, मला नीट कळलं नाही, हे रोज असतं का आठवड्याला?” मला नीट कळलेलं होतं! सर थांबले, कागद बघितला, औषध खोडलं, “गुड” म्हणाले आणि पुढे गेले. आजींना एकही चुकीचा डोस गेला नाही. पण ते माझं खोटं अज्ञान आजही सलतं.

संदर्भासहित
@खलबत्ता, अंगावर काटा आला. तुम्ही जे केलंत त्याचं वर्णन लेनर्ड स्टाइन या मानसोपचारतज्ज्ञाने १९६७ मध्ये ‘डॉक्टर-नर्सचा खेळ’ म्हणून केलंय. नर्सने सल्ला द्यायचा, पण तो सल्ला वाटता कामा नये. डॉक्टरने सल्ला मागायचा, पण मागितला असं दिसता कामा नये. उघड मतभेद झाला की दोघेही हरले. १९९० मध्ये त्यांनी पुन्हा लिहिलं की नर्सेस आता हा खेळ खेळायला तयार नाहीत. तुमच्या वॉर्डातली खेळाडू बदलली, खेळ तोच दिसतोय.

यावरच्या उपायांपैकी एक म्हणजे एसबीएआर ही बोलण्याची पद्धत, जी अमेरिकी नौदलातून रुग्णालयात आली. परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, माझी सूचना, या क्रमाने बोलायचं. चौथी पायरी महत्त्वाची, कारण सूचना करणं हा मग आगाऊपणा राहत नाही, ती रीतच होते.

अर्धा_डॉक्टर
यादी उतरवणारा ‘कुणीतरी’ बहुतेक वेळा आमच्यातलाच असतो. रात्री दोनला, नववा रुग्ण दाखल करताना. खलबत्ता, तू सरांऐवजी त्याला गाठून सांगितलं असतंस तर तो तुझ्या पाया पडला असता.

खलबत्ता
तो कोण हे कुठे माहीत असतं? तुमचीही नावं आम्ही विचारत नाहीच.

ओटी_म्हणजे_थिएटर_नव्हे
ऑक्युपेशनल थेरपी. नावातच माझं सगळं दुःख आहे. दर आठवड्याला एक तरी फोन येतो, “ओटी रिकामी आहे का?” हो, रिकामीच आहे, या, बसा.

लकव्यानंतर एका गृहस्थांना एका हाताने शर्टाचं बटण लावायला शिकवत होते. पंधरा दिवस. मेडिकलचा एक मुलगा खिडकीतून बघून मित्राला म्हणाला, “यांचं बरं आहे, खेळ खेळायचे.” ज्या दिवशी त्यांनी चारही बटणं स्वतः लावली त्या दिवशी ते रडले आणि मीही. तो मुलगा तेव्हा खिडकीत नव्हता.

पण माझीही पापं आहेत. स्पीच थेरपी म्हणजे तोतरेपणा एवढंच मला दुसऱ्या वर्षापर्यंत वाटायचं. लकव्याच्या रुग्णाला पाण्याचा पहिला घोट द्यायचा की नाही हे त्यांना विचारतात, गिळताना ते फुप्फुसात जातंय का हे त्या तपासतात, हे कळल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

खाट_क्रमांक_९
मी तुमच्यापैकी कुणीच नाही, नेहमीचा रुग्ण. पाय दोनदा मोडून झालाय.

तुम्ही एकमेकांना काय समजता ते समजा, आम्हाला तर तुम्ही वेगवेगळे दिसतच नाही. मी दहा दिवस प्रत्येक पुरुषाला ‘डॉक्टर’ आणि प्रत्येक बाईला ‘सिस्टर’ म्हणत होतो. अकराव्या दिवशी कळलं की ज्या ‘सिस्टर’ना मी उशी सरळ करायला सांगितली त्यांनीच माझ्या पायात सळई घातली होती. त्यांनी उशी सरळ केली. आणि ज्यांना ‘डॉक्टरसाहेब’ म्हणत होतो ते नर्सिंगचे विद्यार्थी. त्यांनी सांगून बघितलं, मी ऐकलं नाही.

रात्रपाळी
काका, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. आणि हो, हा मुद्दा कुणी काढलाच नव्हता. माझ्या वर्गातल्या मुलांना पहिल्या वर्षी सगळ्यांत जास्त ऐकावं लागतं ते हेच: “मुलगा असून नर्सिंग?” शाखेबद्दलच्या मतात निम्मं मत बाई-पुरुषाबद्दलचं असतं.

जुनं_खोड
माझी मुलगी सर्जन आहे. तिलाही उशा सरळ कराव्या लागतात. यावर माझ्याकडे विरोध नाही.

मूकवाचक
एक शंका. या एकत्र कार्यशाळांनी काही फरक पडतो का? आमच्याकडे सहाशे मुलं एका सभागृहात कोंबून तीन तास भाषण झालं. प्रत्येक शाखा आपापल्या रांगेत. बाहेर पडताना मतं होती तशीच, फक्त पाठ दुखत होती.

संदर्भासहित
ते एकत्र शिक्षण नव्हे, एकत्र बसणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आराखड्यात तीन शब्द आहेत: एकमेकांबद्दल, एकमेकांकडून, एकमेकांसोबत शिकणं. सभागृहात यातलं एकही होत नाही.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच सांगितलं होतं की पूर्वग्रह नुसत्या भेटीने जात नाहीत. भेटताना दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते सहकार्याने गाठायचं हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. यातलं नसेल तर भेटीने पूर्वग्रह पक्केही होतात. स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठाने १९८६ पासून आरोग्याच्या शाखा एकत्र शिकवायला घेतल्या आणि १९९६ मध्ये एक वॉर्डच विद्यार्थ्यांकडे दिला. खरे रुग्ण, वेगवेगळ्या शाखांची मुलं, मागे देखरेखीला वरिष्ठ. रुग्णाला अंघोळ घालायची तर भावी डॉक्टरनेही घालायची. माझ्या मते फरक पडला तर अशाच ठिकाणी पडेल.

अर्धा_डॉक्टर
अंघोळीवरून आठवलं. मला एकदा नर्सिंगच्या मुलीबरोबर रुग्णाची कूस बदलायला लावली होती. मी सरळ खांद्याला धरून ओढायला गेलो. ती म्हणाली, “थांब, आधी कॅथेटर कुठून गेलाय ते बघ.” नळी रुग्णाच्या मांडीखाली अडकलेली होती. ओढलं असतं तर काय झालं असतं याचा विचारही नको. त्या दिवसापासून तिच्या शाखेसाठी माझ्या डोक्यातला शब्द बदलला, भाषणाने नाही बदलला.

मूकवाचक
आता धागाकर्तीची बाजू घेतो. तिने दोन प्रश्न विचारले होते. दुसऱ्याचं उत्तर आतापर्यंत एकानेही दिलेलं नाही. ‘दुसरे आम्हाला काय म्हणतात’ यावर सगळे भरभरून बोलले. स्वतःच्या चिठ्ठीवर काय?

दाढदुखी
पकडलंत. मी लिहिलं असतं, ‘डॉक्टरच’.

ओटी_म्हणजे_थिएटर_नव्हे
माझं उत्तर माझ्या आयडीतच आहे. :(

खलबत्ता
‘दुकानदार नाही’. दोन शब्द झाले.

चौथा_मणका
बघा ना! आता सांगते. त्या दिवशी माझं पेन अडलं आणि शेवटी मी जे लिहिलं ते ‘मालिश नाही’. फळ्यावर बघितलं तर बऱ्याच जणांच्या स्वतःच्या चिठ्ठ्या तशाच होत्या. नर्सिंगमधल्या एकीची ‘मदतनीस नव्हे’. लॅबच्या एकाची ‘फक्त मशीन नाही’. आम्ही स्वतःबद्दल लिहीत नव्हतोच, समोरच्याच्या चिठ्ठीला उत्तर देत होतो. फक्त मेडिकलवाल्यांत एकही ‘नाही’ नव्हता.

अर्धा_डॉक्टर
कारण आम्हाला कुणी काही समजावून सांगायला लावत नाही. पण म्हणून लिहिता येतं असं नाही. माझ्या टेबलावरच्या दोघांनी कोरी ठेवली असती. मी ‘घाबरलेला’ लिहिलं असतं. बाहेर सांगू नका.

रात्रपाळी
मग ‘नाही’ न वापरता लिहा पाहू. गृहपाठ.

जांभळं_टोपण
‘परत’. आमचं मुख्य काम नमुने परत पाठवणं. ;)

खलबत्ता
‘खात्री’.

जुनं_खोड
‘उभा’. गुडघे आता नको म्हणतात. चौथा_मणका, तुमच्याकडे यावं लागणार आहे.

चौथा_मणका
या सर. मालिश मिळणार नाही.

माझा शब्द अजून सापडलेला नाही. काल एका काकांना शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा पलंगाच्या कडेला बसवलं. पाय खाली सोडले, तळवे जमिनीला टेकले आणि त्यांनी नुसतं “आं” केलं. तो ‘आं’ चिठ्ठीवर कसा लिहायचा?

काडीवाला
मला कुणी चिठ्ठीच दिली नाही.

रात्रपाळी
तुमची आम्ही भरून ठेवलीय. दाखवणार नाही.

अर्धा_डॉक्टर
अपडेट. आत्ता लॅबमधून फोन आला, नमुना गोठलाय म्हणे. नेहमीसारखं चिडचिड न करता “बरं, पुन्हा काढतो, कळवल्याबद्दल आभार” म्हणालो. फोन ठेवल्यावर आठवलं, नाव विचारायचं राहिलं.

जांभळं_टोपण
मी नव्हते हो ती. पण निळ्या टोपणाचा असेल तर नळी खुणेपर्यंत भरा आणि लगेच तीन-चारदा हळूच उलटी-सुलटी करा. जोरात हलवू नका, नाहीतर पुन्हा फोन येईल.